आत्याबाईंचं ऊन

आमच्या भागात सून सासूला आत्याबाई म्हणते, मग ती नात्यातली असो वा नसो. मी मुखेडची, लातुरात दिलेली. माझं आणि माझ्या आत्याबाईंचं लग्नाआधी काही नातं नव्हतं. लग्नानंतर भांडण मात्र नेमानं होतं, आणि ते बहुतेक उन्हावरून असायचं.

घर आमचं बैठं, पत्र्याचं. पुढं दक्षिणेला फरशीचं अंगण आणि अंगणापलीकडं कुणाचा तरी मोकळा प्लॉट, त्यात वेड्या बाभळी आणि डुकरं. घरात मिरवण्यासारखं काही नव्हतं, पण थंडीतलं ऊन होतं. दिवाळी सरली की सूर्य खाली उतरायचा, त्या मोकळ्या प्लॉटवरून सरळ आमच्या अंगणात यायचा आणि दिवस कलेपर्यंत मुक्काम ठोकायचा. आंघोळ झाली की आत्याबाई बाज ओढून मधोमध बसायच्या, लुगडं वर सरकवून गुडघ्यांना तेल चोळत. गुडघे पार गेलेले. डॉक्टरांच्या गोळ्या त्या देवापुढं ठेवून द्यायच्या. "माझा डाक्टर रोज सकाळी घरी येतो," म्हणायच्या, "फी बी घेत न्हाई."

एकट्या बसल्या असत्या तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मागच्या गल्लीतली खाला यायची, आत्याबाई तिला आपा म्हणायच्या. तिचं घर पिंजाऱ्याचं, गाद्या-रजया भरून द्यायचं काम. कापूस भरलेली रजई उन्हात पडल्याशिवाय फुलत नाही, आणि तिच्या घरात ऊन यायला वाट नव्हती. मग आमच्या फरशीवर तिच्या रजया, शेजारी धोतरावर पसरलेली हरभऱ्याची भाजी. ती मुखेडहून माझा भाऊ पाठवायचा, कोवळे शेंडे खुडून, पोत्यात घालून, एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली करून. नीट वाळली की वर्षभर पुरायची. दोघी दुपारपर्यंत बोलत बसायच्या आणि चहा माझ्याकडं. "सूनबाई, आपा आल्या," अशी हाक आली की समजायचं, आधण ठेवा. मी पातेलं आपटायची. आत्याबाई खालाला म्हणायच्या, "आयकलं का, आमच्याकडं चहा वाजत-गाजत येतो."

तो प्लॉट वैशाखात विकला गेला. लातुरात क्लासेसचा धंदा जोरात. गावोगावची लेकरं डॉक्टर व्हायला येतात, त्यांना राहायला खोल्या लागतात. प्लॉट घेणारा जळकोटकडचा. तोंडानं गोड आणि मनानंही गोड, हे मला राग गिळून लिहावं लागतं. भूमिपूजनाला त्यानं सगळी गल्ली बोलावली. नारळ फुटला, आणि हा कुदळ घेऊन आत्याबाईंसमोर येऊन उभा राहिला.

"मोठ्या बाई, पहिली कुदळ तुमच्या हातची."

आत्याबाई मागं सरल्या. त्या विधवा. शुभकार्यात आपण भिंतीच्या कडेनं बसायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. "मला कशाला, बाबा? एखादी सवाष्ण बघ की."

"गल्लीत वडीलधारं कोण हाय ते सांगा. मला दुसरं काई कळत न्हाई."

त्यांनी कुदळ मारली. घरी आल्या आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ बसून राहिल्या. सासरे गेल्यापासून कुणी त्यांना असं पुढं केलं नव्हतं, आम्हीसुद्धा नाही. जेवताना सावरल्या. म्हणाल्या, "पाच मजले चढवणार हाय म्हणं. बरं हाय की. उन्हाळ्यात अंगणात सावली तरी पडंल."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. वैशाखात लातूरच्या माणसाला दुसरं सुचणार तरी काय? त्या दिवसांत ऊन म्हणजे वैरी. कुणी उचलून नेत असेल तर त्याला वर गूळपाणी देऊ. हाच वैरी पौषात आपल्याला लागतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो, त्याच्याही आलं नाही.

पहिल्या थंडीत दोनच स्लॅब पडले होते, म्हणून काही कळलं नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हॉस्टेलची इमारत पुरी झाली आणि आम्ही सावलीची वाट बघत बसलो. पण वैशाखातला सूर्य डोक्यावर. सावली त्या इमारतीच्या बुडाशीच घोटाळत राहिली, आमच्याकडं चपलेएवढीही आली नाही. आत्याबाई हसल्या. "आमच्या नशिबाला सावली बी लाजती," म्हणाल्या.

दिवाळी झाली. आत्याबाई आंघोळ करून बाजेवर जाऊन बसल्या. खालानं रजया आणून टाकल्या. आम्ही थांबलो. ऊन समोरच्या गच्चीवर होतं, तिथल्या दोऱ्यांवर पोरांच्या जीन्स आणि टॉवेल वाळत होते. खाली आमच्या अंगणात फरशी गार. दुपारी खालानं रजईला हात लावून बघितला आणि सगळ्या रजया गुंडाळल्या. त्या आठवड्यात हरभऱ्याची भाजी काळी पडली, तिला बुरशीचा वास यायला लागला. मी ती उकिरड्यावर टाकली तेव्हा आत्याबाई घरात तोंड फिरवून बसल्या होत्या.

हॉस्टेल आणि त्याच्या शेजारची इमारत यांच्यामध्ये एक बोळ राहिली होती. अकराच्या सुमारास त्या बोळीतून उन्हाची एक पट्टी अंगणातल्या मोरीपाशी उतरायची आणि चहा संपायच्या आत निघून जायची. एवढंच आमच्या वाट्याला उरलं.

मी नवऱ्याला म्हटलं, तक्रार करा. तो म्हणाला, कशाची? सगळं मोजमाप नियमात होतं. त्यानं आमची वीतभर जागा घेतली नव्हती, भिंतीला धक्का लावला नव्हता. ऊन चोरीला गेलं अशी फिर्याद कोणत्या चौकीत द्यायची? आणि वाईट कुणाचं झालं होतं? मालकाचं भलं झालं, पोरांची सोय झाली, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं दुकान चाललं. मीसुद्धा त्या हॉस्टेलच्या मेसला पोळ्या लाटून द्यायला लागले होते. ज्याला त्याला त्यातून काही ना काही मिळालं. म्हातारीनं काही विकलं नव्हतं, काही घेतलं नव्हतं. सगळ्यांच्या फायद्याची किंमत तिच्या गुडघ्यांतून वसूल होत होती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. मला याचा इतका संताप यायचा की पोळ्या करपायच्या.

आत्याबाई उन्हाच्या मागं फिरायला लागल्या. सकाळी फाटकाबाहेर, मग गल्लीच्या तोंडाशी, प्लास्टिकची खुर्ची हातानं ढकलत. पण तिथं क्लासला जाणाऱ्या पोरांच्या गाड्या, मेसच्या रिक्षा. "आजी, बाजूला सरा," असं दिवसातून कितीदा तरी. एकदा एका गाडीच्या आरशानं त्यांचा पदर ओढला, तेव्हापासून नवऱ्यानं बाहेर बसायला बंदी केली.

मालकाच्या कानावर गेलं. तो स्वतः आला, खरोखर ओशाळलेला. "मोठ्या बाई, वर गच्चीवर या की. लई ऊन हाय. तुमचीच बिल्डिंग हाय, पहिली कुदळ तुमची."

आत्याबाईंना तो शब्द गोड लागला. दुसऱ्या दिवशी मी आणि खाला त्यांना धरून निघालो. पहिल्या मजल्यापर्यंत पोचायला त्यांना घाम फुटला. जिन्याच्या वळणावर त्या खाली बसल्या आणि वर बघितलं. अजून चार मजले. खोल्यांतून पाठांतराचा आवाज येत होता. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "लेकरं अभ्यास करायलीत. चला, उगं त्यांना त्रास नको." उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत आल्या.

मी सुचवलं, थंडीपुरतं मुखेडला माझ्या माहेरी चला, तिथं सगळा माळच उन्हाचा. त्या म्हणाल्या, "आन् आपा?"

खालाच्या रजया आता तिचा मुलगा गाड्यावर घालून गावाबाहेरच्या मैदानात नेऊन वाळवायचा. आमच्याकडं यायचं तिला काही काम उरलं नव्हतं. तरी ती यायची. दोघी त्या गार अंगणात शाली गुंडाळून बसायच्या, समोरच्या गच्चीवरच्या टॉवेलांकडं बघत. अकरा वाजले की खाला उठून आत्याबाईंची खुर्ची मोरीपाशी सरकवायची, म्हणायची, "चल बाई, आपला टाइम झाला." पट्टी आत्याबाईंच्या पायांवर यायची. त्या डोळे मिटून घ्यायच्या. मी चहा न वाजवता आणून ठेवायची. तो तसाच निवायचा.

दोन थंड्या अशा गेल्या. तिसऱ्या थंडीत त्यांना खुर्चीपर्यंतही येता येईना. खाटेवरून विचारायच्या, "सूनबाई, आलं का गं?" मी बाहेर बघून सांगायची, आलं. "असू दे," म्हणायच्या. पौषातच गेल्या, पहाटे, झोपेत.

सकाळी अंगणात त्यांना आंघोळ घातली. तिरडी बांधली. मुखेडहून माझा भाऊ आला, समोरून मालक आला, हॉस्टेलची पोरं गेटपाशी उभी राहिली. माणसांची नेहमीची घाई सुरू झाली, उचला, उशीर नको, कुणाला ड्युटीवर जायचंय. खांदेकरी पुढं झाले.

खाला भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम उठली आणि तिरडीच्या आडवी उभी राहिली.

"थांबा ना रे जरा. तिच्या उन्हाचा टाइम झाला."

कुणाला काही कळलं नाही. एक पाहुणा कुरकुरला, म्हातारीला बाजूला घ्या म्हणाला. मी नुसतं मोरीकडं बोट दाखवलं. मालकानं माझ्या बोटाकडं बघितलं, मग मान वर करून आपल्या पाच मजल्यांकडं. त्याचा चेहरा उतरला. तो वाकला, तिरडीचं एक टोक त्यानं धरलं, दुसरं माझ्या नवऱ्यानं, आणि दोघांनी ती उचलून मोरीपाशी ठेवली.

सगळे उभे राहिले. बोळीतून ऊन आलं. पावलांवर पडलं, मग हळूहळू वर सरकलं. खालानं खाली बसून पांढऱ्या कापडावरून हात फिरवला, रजई वाळली का ते बघतात तसा. ऊन गुडघ्यांपर्यंत पोचलं, थोडा वेळ तिथं राहिलं, आणि भिंतीवर चढून गेलं.

"आता न्या," खाला म्हणाली.