वन्संनी निवडलेला आवाज

ओली चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक वहिनीच्या हातात, दुसरं वन्संच्या, आणि मधे दोराला पडावा तसा घट्ट पीळ. वहिनीने आणखी एक हिसका दिला मात्र, पलीकडचं टोक एकदम ढिलं पडलं. वन्सं न्हाणीघराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, डावं पाऊल जमिनीवरून उचललेलं.

"काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तू चादरीकडे बघ. माझ्याकडे बघू नकोस."

"मी कुठे बघतेय ते तुम्हाला काय कळतंय?"

"माझ्याकडे बघतेस तेव्हा तुझा श्वास अडकतो, वहिनी. पीळ आता."

वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची धाकटी बहीण. पन्नाशी उलटलेली, जिभेने तिखट, आणि जन्मापासून आंधळी. मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर. पलीकडचं माणूस घाबरलंय की नुसतंच चिडलंय, हे त्यांना "हॅलो" एवढ्यावरूनच कळे, आणि त्याचं बोलणं पुरतं संपायच्या आत फोन योग्य त्या विभागाला जोडलेला असे. रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावरून उतरायचं, काठी टेकत बसथांबा गाठायचा, संध्याकाळी तसंच परत यायचं, सगळं एकटीने. मग एकदा कामावरच्या जिन्यात, नुकत्याच पुसलेल्या ओल्या पायरीवरून त्या घसरल्या आणि डावा घोटा मोडला.

प्लास्टर निघालं, पण पाऊल परकं झालं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "हाड जुळलंय. ताकद आणि तोल मात्र घरीच कमवा."

दादा, म्हणजे वहिनीचे यजमान, गोदामात मुकादम. घरातही त्यांचा सूर मालाच्या गाड्या लावून घेतानाचाच. "पुष्कळ झाली नोकरी," ते जेवताना म्हणाले. "आता घरी बस. आराम कर."

"दादा, मी तुझ्या गोदामातली पेटी नाही, 'वरची बाजू वर' असं लिहून कोपऱ्यात ठेवायला."

"मग जिना एकटीने उतरून दाखव. कठडा न धरता. रस्त्यात काही कठडे नसतात. तेवढं जमलं तर रजा संपल्यावर खुशाल जा, मी एक अक्षर बोलणार नाही."

"तू एक अक्षर बोलणार नाहीस? एवढ्यासाठी तर मी जिना उडी मारून उतरेन!"

हसण्यावारी गेलं, पण वहिनीने ते हसण्यावारी नेलं नाही. सुट्टीच्या या काळात वन्सं खिडकीशी बसून असत, हात मांडीवर उताणे. घरातला फोन वाजला की तेवढ्यापुरत्या ताठ होत, "कोणाशी बोलायचंय?" म्हणत, आणि फोन ठेवला की पुन्हा खांदे खाली. ते काम गेलं तर हे माणूस असंच खिडकीशी विझून जाईल, हे वहिनीला दिसत होतं. तिने देवाजवळ नवस वगैरे काही बोलला नाही. फक्त म्हणाली, "त्यांचे पाय त्यांना परत दे."

दुसऱ्या दिवशी वन्संनी व्यायामाची ॲप शोधायला घेतली. त्यांचा फोन बोलका. बोट लागेल ते वाचून दाखवणारा, आणि तेही अशा सुसाट वेगाने, की वहिनीला तेलात मोहरी तडतडल्यासारखं ऐकू येई.

पहिल्या ॲपमध्ये एक उत्साही मुलगी. मागे ढोल बडवल्यासारखं संगीत. "आता असं करा! आणि असं! वा, अगदी असंच!"

"असं म्हणजे कसं, बये?" वन्सं हात हवेत धरून उभ्या. "वहिनी, काय करतेय ती?"

"अहो, ती... खाली वाकून... नाही, वाकून नाही... एक पाय असा करतेय."

"झालं! तूही 'असा' म्हणायला लागलीस!"

दुसऱ्या ॲपमधला गडी कवायत घेतल्यासारखा ओरडे. तोही चालला असता, पण त्याच्या पडद्यावर कुठेही बोट ठेवलं की फोन नुसतं म्हणे, "बटण. बटण. बटण." कुठलं बटण, कशाचं, ते बनवणाऱ्याने लिहिलंच नव्हतं. तिसरं फार हुशार निघालं. ते म्हणे कॅमेऱ्यातून बघून चुका सांगतं. वन्सं समोर उभ्या राहिल्या. "तुम्ही चौकटीत नाही," ते म्हणालं. वन्सं डावीकडे सरकल्या. "तुम्ही चौकटीत नाही." उजवीकडे सरकल्या, मागे गेल्या आणि कपाटावर आदळल्या. "छान! आता तुम्ही चौकटीत आहात."

दोघी पलंगावर बसून पोट दुखेपर्यंत हसल्या. मग वन्संनी फोन मांडीवर उपडा ठेवला. "सगळे धरूनच चाललेत, की व्यायाम करणारं माणूस बघणारं असतं," त्या हळूच म्हणाल्या.

चौथं ॲप वहिनी काढूनच टाकणार होती. चित्र नाही, संगीत नाही, नुसता एका म्हाताऱ्या माणसाचा थोडासा घोगरा आवाज. कामावरून थकून आलेल्यांनी डोळे मिटून ऐकायचं, असं त्याचं म्हणणं. "अंगठ्याखालची उशी, करंगळीखालची उशी आणि टाच. या तिन्हींवर भार सारखा पडू द्या. घाई नको."

वन्संनी मान तिरकी केली. एखाद्या फोनवर आवाज ओळखीचा वाटावा तशी. "हाच," त्या म्हणाल्या. "हा माणूस सांगतो."

तो सांगे आणि त्या करत. एकदा तो म्हणाला, "खुर्चीवर बसताना नेता तशी कंबर मागे न्या, पाठ सरळ." वन्संनी ते थांबवलं. "वहिनी, तू कर. मला बघू दे."

वहिनी तशी उभी राहिली आणि वन्संचे हात तिच्या पाठीवरून फिरले. मानेपासून मणका मणका खाली, कमरेच्या घडीपर्यंत, मांडीवर, गुडघ्यावर. इतकी वर्षं एका घरात काढली, पण असा हात कधी लागला नव्हता. वहिनीला लाज वाटली, आणि मग लाजेच्या जागी दुसरंच काहीतरी भरून आलं.

"अगं, माणूस वाकलं की मागे असं जातं होय!" वन्सं म्हणाल्या. "मला वाटायचं सगळं नुसतं पुढेच मोडतं. बिजागरीसारखं." आणि त्या लगेच तशाच वाकल्या. पहिल्याच खेपेला, हुबेहूब. वहिनी पाहतच राहिली. आपण रोज शंभरदा वाकतो, आणि वाकणं म्हणजे काय ते आपल्याला ठाऊकच नाही.

एका पायावर उभं राहायचा व्यायाम सुरू झाला तेव्हा तो भला माणूसही चुकला. "समोरच्या एका बिंदूवर नजर ठेवा," म्हणाला.

"ठेवली," वन्संनी ऐकवलं. "आता ती सापडली तर कळव!"

पाय थरथरे, टेके, पुन्हा उचलला जाई. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडता निवडता पुटपुटत नाम घेई. सकाळच्या कामांत तेवढाच तिचा देव. हळूहळू थरथर कमी झाली. एक दिवस वहिनीने दार लोटून एकटीनेच ते करून पाहिलं. एक पाय उचलला, झक्क उभी. मग डोळे मिटले. जमीनच कोणी खालून ओढून घेतल्यासारखं झालं आणि ती पलंगावर कोसळली. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. ती तशीच पडून राहिली. ही बाई जन्मभर अशा जमिनीवर चालतेय. बस पकडतेय. आणि वर विनोद करतेय. देवा, हे तू कुठून देतोस माणसात?

रजा संपत आली तेव्हा दादा सुट्टीच्या दिवशी जिन्यात उभे राहिले. "आणि तू," त्यांनी वहिनीला बजावलं, "मधे एक शब्द बोलायचा नाही. डावा पाय, उजवा पाय असलं काही नाही."

वन्संनी काठी पुढे केली, कठड्यापासून हात लांब घेतला आणि उतरायला लागल्या. पहिला जिना नीट गेला. वळणावर मात्र उजवा पाय हवेत असतानाच त्या थांबल्या. डावा घोटा लटपटला. पाय मागे आला. पुन्हा पुढे केला, पुन्हा मागे. बोटं कठड्याच्या दिशेने उघडली.

आणि वहिनीच्या लक्षात आलं. घरात रोज आपण दारात बसून नाम घेत होतो. तोच यांचा बिंदू होता. नजरेऐवजी त्यांनी आपला आवाज धरला होता, आणि ते दोघींनाही कळलं नव्हतं. इथे जिना मुका. ओठांवर नाम आलं. नुसतं पुटपुटलं असतं तरी पुरलं असतं. पण मग उद्या रस्त्यावर कोण पुटपुटणार? वहिनीने पदर तोंडात कोंबला. दादांचाही चेहरा उतरला होता. त्यांनी नकळत हात पुढे केला होता.

तेवढ्यात जिन्यात खणखणीत आवाज घुमला. "नमस्कार! रुग्णालय. कोणाशी बोलायचंय?"

वन्सं बोलत होत्या. बोल भिंतीवर आपटून परत आला, आणि त्यांनी मान तिरकी करून तो ऐकला. पाय खाली गेला. टेकला. "अपघात विभाग? जोडून देते." पुढची पायरी. "क्ष-किरण? थांबा, जोडून देते." पुढची. "बाळंतीण कशी आहे? तिलाच विचारा, जोडून देते!" खालच्या मजल्यावरचं दार उघडून शेजारीण बाहेर आली आणि तोंडाला हात लावून तिथेच थिजली. वन्सं तिच्यासमोरून गेल्या, काठी हलकी, पाठ सरळ, आपल्याच आवाजामागून आपण चालत. वहिनीच्या अंगावर काटा आला. मंदिरात आरतीची ज्योत समोरून जाताना येतो, तसा.

तळाशी पोचल्यावर वन्सं वळल्या. "दादा, लाईन चालू आहे का?"

दादा एक अक्षर बोलणार नव्हते. कबूलच केलं होतं तसं. तरी घसा खाकरून म्हणाले, "उद्यापासून... जरा जपून जात जा."

"उद्यापासून कशाला? आता खाली आलेच आहे, तर इस्त्रीवाल्याकडे जाऊन येते. कामावरचे कपडे कालच पाठवलेत त्याच्याकडे."

"कालच?" वहिनी वरून ओरडली. "अहो वन्सं, आणि आज पडला असतात तर?"

"तर इस्त्रीच्या कपड्यांत पडून राहिले असते. तू वर जा, भाजी करपेल."

आणि त्या इस्त्रीचे कपडे आणायला निघाल्या.