भरल्या बोटीतच तापणारं इंजिन

धक्क्यावर तिला सगळे 'चौकशी' म्हणतात. लहानपणी तिने घरातलं गजराचं घड्याळ उघडलं, मग शिलाईचं मशीन, मग शेजाऱ्यांचा पंखा. पंखा सोडून सगळं परत जोडलंही. मोठी झाल्यावर मामाची प्रवासी बोट खाडीच्या या काठावरून त्या काठावर न्यायचं काम तिने मागून घेतलं, आणि तिच्या आईच्या जिवाला घोर लागला. कपडे वाळत घालतानाही आईचं लक्ष खिडकीतून बोट कुठवर आली याकडेच.

यंदा ऊन वाढलं तसं बोटीचं इंजिन तापायला लागलं. बोट धक्क्याला बांधलेली असताना थंड. रिकामी बोट आरामात नेली तरी थंड. माणसं भरून जोर लावला, की खाडीच्या मध्यावर तापमानाचा काटा लाल रेघेकडे. मिस्त्रीने पंपातलं रबरी चक्र बदललं, गाळणीतलं शेवाळ काढलं. इंजिनाने कुणालाच दाद दिली नाही.

"तू फार पिळतेस त्याला," मामा म्हणाला. "उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी चालवायला देतो."

"मामा, आज तू चालव. तापलं नाही, तर मी आपणहून उतरते. पण बोट भरलेली हवी."

प्रवाशांचा जीव टांगणीला लावायचा नाही, म्हणून घरची माणसं गोळा झाली. मावशी, आत्या, काका, त्यांची पोरंबाळं. पाण्याला कायम भिणारी आईसुद्धा आली. इंजिनाच्या उघड्या पेटीशेजारची जागा कुणालाच नको होती, ती आईच्या वाट्याला आली आणि उजेडासाठी हातात बॅटरीही. काटा हलू नये, एवढंच ती मनात घोकत होती. पोर एकदाची जमिनीवर तरी येईल!

मध्यावर मामाने वेग वाढवला. काटा चढला.

"ताई, तुझ्याच वजनाने तापलं बघ," मामा आईला म्हणाला.

"मग तिलाच बोल की," आत्या म्हणाली. "पोरीला कशाला बोल लावतोस?"

"पोरीनेच खराब केलंय. आता कुणाच्याही हाती तापणार!"

चौकशी पलीकडून वाकून पंप चाचपत होती. आईने सहज पेटीत उजेड टाकला. खालून खाडीचं पाणी पंपाकडे नेणारा पाइप तिच्या बाजूला होता. मामाने वेग वाढवला की तो चपटा व्हायचा, कमी केला की पुन्हा गोल. आईने आजूबाजूला पाहिलं. दुसऱ्या कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मूग गिळून बसलं, तर पोरगी आजच घरी. पण हे होतंय तरी काय? तिला राहवेना.

"अगं, हा पाइप गाल असे आत का ओढतोय?"

चौकशी टुणकन उडी मारून आली. "मामा, वेग वाढव! आता कमी कर!" आणि खदखदून हसली. "उन्हाने मऊ पडलाय हा. पंपाने जोरात ओढलं की चिकटतो, मग इंजिनाला थंड करायला पाणीच पोचत नाही. इथे आत तार असलेला पाइप लागतो. हा कुणी बसवला?"

मामा दूरच्या काठाकडे बघू लागला. "तारेचा पाइप त्या कोपऱ्यात वळेना," अखेर तो म्हणाला. "हा कसा, झटकन वळला. थंडीत चांगला कडक होता की!"

"चोराच्या उलट्या बोंबा!" आत्या म्हणाली, आणि अख्खी बोट हसली.

हळूहळू धक्का गाठला. मामा स्वतः जाऊन तारेचा पाइप घेऊन आला. चौकशीने कोपऱ्यात वाकडा जोड लावून तो बसवला. मामाने किल्ली तिच्या हातात दिली.

"घे बाई. तुझी बोट तूच हाक."

पुन्हा भरून नेऊन बघायचं ठरलं. मामाने आईला उतरवायला हात पुढे केला. "तू राहू दे, ताई. भीती वाटते ना तुला?"

"वाटते तर," पेटीत वाकलेली आई म्हणाली. "पण हा पाइप आता कसा वागतो ते बघायचंय मला. तू जरा सरक, अंधार पडतोय."