फ्रीजरमधले बुश

हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही — आणि जेवतो रोज तिच्याच हातचं. मन मोकळं व्हावं म्हणून सांगतोय असं समजू नका. तेवढी माझी लायकी नाही.

दादाकडे एक जुनी जपानी मोटारसायकल होती. शाफ्टची — म्हणजे चेन नाही, इंजिनची ताकद एका दांड्यातून मागच्या चाकाला मिळते. चाकाच्या मधल्या भागात, हबमध्ये, धक्का सोसणारे, लोखंडी कवचातले रबराचे बुश असतात. ते झिजले, की एक्सलेटर सोडताना मागून ठक् असा आवाज येतो. दादाला तो आवाज सहन होत नसे. मला दादाच सहन होत नसे. अंगणात तेलकट हातांनी बसलेला, गाडीला कान लावलेला माणूस — मी पुस्तकावरून बघायचो आणि मनात म्हणायचो, आयुष्य ते एवढंच?

नवे बुश त्यानं कुठून तरी मागवले आणि स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवले. गारठले की ते किंचित आकसतात. मग हब गरम करायचा, की न ठोकता आत सरकतात. ही त्याची पद्धत. पण त्याच आठवड्यात त्याला धंतोलीतल्या दवाखान्यात ॲडमिट करावं लागलं. पलंगावरून मला म्हणाला, "मेकॅनिक ठोकून ठोकून हब फोडून टाकते. तू कर बे मास्तर. तुले घाई नसते."

मास्तर — मी कधी कुठं शिकवलेलं नाही. पुस्तकांवरून चिडवायचा.

मी काय केलं? चाक काढलं. जुने बुश गंजून घट्ट बसलेले. एकाला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, हाताला काळं लागलं, किळस आली. डबा उघडलाही नाही. चाक तसंच परत चढवलं, साबणानं हात धुतले, आणि संध्याकाळी धंतोलीत जाऊन सांगितलं — झालं काम.

एवढंच असतं तर? नाही, पूर्ण सांगतो. खोटं बोलताना मी घाबरलो नाही. कारण मी धरूनच चाललो होतो, की हा आता त्या गाडीवर बसायला घरी येत नाही. सख्ख्या भावाच्या मरणावर मी माझा आळस टेकवून ठेवला होता.

तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाला, चक्कर मारून आण. मागे बसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला — त्या हाताला वजनच नव्हतं. आमच्या महाल वस्तीतल्या गल्ल्या, प्रत्येक वळणावर एक्सलेटर सोडायचा, प्रत्येक वळणावर ठक्. मी वाट बघत होतो. दारात उतरताना म्हणाला, "मस्त काम केलं गा. आवाजच नाही आता."

आणि मला काय वाटलं? लाज? छे. कीव आली त्याची. एवढा कानांचा तोरा, आणि शेवटी फरकसुद्धा कळला नाही!

संध्याकाळी वहिनी ओट्यापाशी म्हणाली, "भाऊजी, फ्रीजरमधला तो डबा काढू का? सकाळी तुमच्या दादाले दाखवला, तर उघडून पाह्यला अन् म्हणे, राहू दे तिथंच."

सकाळी. म्हणजे चक्कर मारायच्या आधी.

त्यानंतर त्यानं गाडीचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

आता भेटायला येणाऱ्यांना वहिनी सांगते, शेवटच्या दिवसांत भाऊजींनी आपल्या हातानं त्यांची गाडी करून दिली. लोक माझ्याकडे कौतुकानं बघतात. मी मान खाली घालतो. त्यांना ते दुःख वाटतं.

डबा तिथंच आहे. बर्फ काढताना मी तो बाजूला सरकवतो.