सुलभाचे अंतरपाट

सुलभा गेल्याचं तिच्या सुनेने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "असं कसं, परवाच तर भांडलो आम्ही." भांडण कशावरून, तर पुरणात जायफळ की वेलची! त्याला आता दीड महिना होऊन गेला... अजूनही कुणाबद्दल काही खुसपट काढायचं असलं की बोट तिच्याच नंबरावर जातं.

कोपरीत आमची दारं समोरासमोर होती. पुढे मी बाळकुमला राहायला गेले, तरी आठवड्यातून एकदा तिच्याकडे चक्कर असायचीच. ती लग्नाचे अंतरपाट भरायची. बाजारात मिळतात तसे छापील नव्हेत. आधी नवरानवरीला घरी बोलवायची, चहा पाजायची आणि पोलिसासारख्या चौकशा करायची. मग त्यांच्या आयुष्यातलं काहीतरी त्या कापडावर उतरायचं. डोंबिवलीच्या एका मुलाला कोथिंबीरवडीचं वेड, तर हिने स्वस्तिकाशेजारी कोथिंबिरीची जुडी भरली. मंगलाष्टकं म्हणता म्हणता गुरुजींनाच हसू फुटलं म्हणे.

तिचा एक नेम होता. सगळं भरून झालं की एका पानाचा शेवटचा टाका ती मोकळा ठेवायची. तो नवरीच्या आईने घालायचा, शिवणटिपण येवो न येवो. कितीतरी बायका तिच्या पलंगावर बसून तो एवढासा टाका घालताना ढसाढसा रडलेल्या मी बघितल्यात.

माझ्या प्राचीचं लग्न ठरलं... ठरलं म्हणजे तिचं तिने ठरवलं. मुलगा आमच्यातला नव्हता. आज लिहितानाही लाज वाटते, पण तेव्हा मी हट्टाला पेटले होते. प्राचीच्या बाबांनी समजावलं, माझ्या भावाने समजावलं, मी ढिम्म. लग्नाच्या दोन दिवस आधी सुलभा अंतरपाट घेऊन बाळकुमला आली. सुईत दोरा ओवूनच आणलेला. तिने भाषण वगैरे दिलं नाही. कापड माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "एक टाका घाल. लग्नाला नाही आलीस तरी चालेल." मी ते कापड परत तिच्या पिशवीत कोंबलं. ती पाणीही न पिता गेली. लग्नाला प्राचीचे बाबा एकटेच गेले.

महिनाभराने प्राचीचा टिटवाळ्याहून फोन आला, एकदा घर बघायला ये म्हणून. मी गेले आणि हळूहळू सगळं रुळावर आलं. मला वाटायचं, पोरीचं मन मोठं. ते आहेच. सुलभाने मात्र बाकी सगळ्यावरून मला फैलावर घेतलं, पण त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही.

तिच्या तेराव्याला प्राची आली होती. सुलभाच्या सुनेला दाखवायला म्हणून आपला अंतरपाट घेऊन आलेली. त्यावर आमच्या कोपरीच्या गॅलरीतली तुळस भरलेली. मी तो पहिल्यांदाच नीट बघत होते. प्राचीने तुळशीच्या एका पानावर बोट ठेवलं.

"लग्नाच्या सकाळी काकूने हे दाखवलं मला. म्हणाली, आईने टाका घातलाय, पण यायला तोंड नाही तिला. बघ ना गं, किती वाकडा! माझ्या युनिफॉर्मची बटणं लावायचीस तसाच. म्हणून तर फोन केलेला तुला."

मी मान हलवली. चार माणसांत, सुलभाच्या घरात बसून मी मान हलवली आणि चहाचे कप उचलून आत गेले. मोरीत उभी राहून खूप रडले. बाहेर सगळ्यांना वाटलं, मैत्रिणीसाठी रडतेय.

हे छापून येईल तेव्हा प्राची वाचेलच. प्राची, तो टाका माझा नाही. मी सुई हातातही धरली नव्हती. जिच्या कामात चाळीस वर्षांत एक दोरा इकडचा तिकडे झाला नाही, त्या बाईने स्वतःचा नेम मोडून मुद्दाम माझ्यासारखा वाकडा टाका घातला... आणि मला कधी कळूही दिलं नाही. तुला राग येईल, आलाच पाहिजे. रागावलीस तरी ये. मी घरीच आहे.