शेऱ्याचा रकाना

बडनेऱ्याच्या फलाटावर बाबा आले ते शाळेतून थेट. पांढरी पँट, कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. ते पी.टी.चे मास्तर. शाळेच्या खो-खोच्या टीम वर्षानुवर्षं तेच निवडायचे. एकोणऐंशी साल होतं. मी नागपूरला फिजिओथेरपी शिकलेली, नवीन लग्न झालेली, आणि नवरा आधीच ओहायोत पोचलेला. आई रडत होती. अरुण, तू माझी बॅग खिडकीतून आत ढकलत होतास. गाडी हलली तेव्हा बाबा गजांना धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "सुशे, निघालीस ना, आता काहीतरी होऊनच परत ये. अर्ध्यावरून नको."

तू नंतर पत्रात लिहिलंस की तेव्हा बाबांचे डोळे भरले होते. मला डोळे दिसले नाहीत, फक्त ते वाक्य ऐकू आलं आणि तेवढंच मी इकडे घेऊन आले.

पुढचं तुला माहीत नाही. आपल्यापैकी जे इकडे आले त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना नाही. म्हणून आता लिहून टाकते.

प्रभाकर कोलंबसच्या एका मशीन-पार्ट्सच्या कंपनीत इंजिनियर होता. आम्ही कोलंबसजवळच्या डब्लिन गावात राहायचो. तेव्हा डब्लिन म्हणजे मक्याची शेतं आणि मधूनमधून नवी घरं. ब्याऐंशीला कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला. त्याने जागोजागी अर्ज केले, इंटरव्ह्यू दिले, काही जमलं नाही. मी तोवर इथल्या फिजिओथेरपीच्या लायसन्सची परीक्षा पास झाले होते. तासाभराच्या अंतरावर एक कारखान्यांचं गाव होतं, तिथल्या हॉस्पिटलमध्ये मला जॉब मिळाला म्हणून आम्ही तिकडे मूव्ह झालो. प्रभाकर एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर उभा राहायला लागला. खिळे, नळाचे वॉशर, बर्फ उपसायची फावडी. गिऱ्हाइकं त्याला हळू आणि मोठ्याने इंग्रजी बोलून दाखवायची.

घरी मी लिहिलं, माझ्या नोकरीसाठी गाव बदललं. ते खोटं नव्हतं. आई विचारायची, जावईबापूंचं कसं चाललंय? मी लिहायचे, ह्यांचं छान चाललंय. ते खोटं होतं. बाबा ती पत्रं स्टाफरूममध्ये वाचून दाखवतात, हे तूच कळवलं होतंस. त्यानंतर तर खरं लिहिणं शक्यच नव्हतं.

त्या गावात बर्फावरच्या हॉकीची एक टीम होती. मोठ्या लीगची नव्हे. मोठ्या शहरातल्या वरच्या टीमने आपली विशी-एकविशीची मुलं इथे ठेवायची, पिकतात का पाहायचं, पिकली तर वर न्यायची, नाही तर घरी पाठवायची. अशी ही खालची टीम. तिच्याशी आमच्या हॉस्पिटलचा करार होता. सप्टेंबरात कॅम्प लागे तेव्हा प्रत्येक मुलाला तपासून कागद भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकी कुणाला ते नको होतं.

गुडघे, घोटे, खांदे, पंज्याची ताकद, एका पायावर तोल. शेवटचा रकाना शेऱ्याचा. पहिल्या वर्षी मी त्यात दोन-तीन शब्द लिहायचे. मग कोच ड्वेनच्या लक्षात आलं की माझे शेरे खरे ठरतात. लहानपणापासून मी बाबांबरोबर मैदानावर बसले होते. पोरगं धावायला लागायच्या आधी, नुसतं चालत येताना बाबा सांगायचे, हा वळताना घसरणार. ती नजर माझ्यात उतरली होती. माझं आडनाव जमेना म्हणून ड्वेन म्हणायचा, "मिसेस डी, हे कागद मी मागून वाचायला लागतो." तो आधी शेरा बघायचा, मग नाव.

मला त्याचा गर्व होता हे कबूल करते. दवाखान्यात पेशंट विचारायचे, अमेरिकन बाई नाही का कुणी? इथे मात्र ते दांडगे लोक माझ्या कागदाची वाट बघायचे. मी लिहायचे, 'डावा गुडघा सैल, दुसरा सीझन निघणार नाही,' आणि दोन दिवसांनी कट झालेल्यांची यादी दारावर लागायची. मुलं आपापल्या लांबलचक बॅगा ओढत पार्किंग लॉटकडे जायची. काही रडायची. मी खिडकीतून बघायचे आणि पुढचा कागद घ्यायचे. घरी पाठवणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी तो विचार करायचे नाही, इतकंच.

डेल आला चौऱ्याऐंशीच्या कॅम्पला. मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला लोखंडाच्या खाणीचं एक छोटं गाव आहे, तिथला. वीस वर्षांचा, कानाच्या पाळ्या कायम लाल, बोलायला लाजरा. बर्फावर उतरला की वेगळाच. त्याच्या कागदावर मी लिहिलं, 'ह्याला वर न्या.' इतकं सरळ मी कधी कुणाबद्दल लिहिलं नव्हतं. ड्वेनने वाचलं आणि हसला.

जानेवारीत वरच्या टीमची माणसं डेलला बघायला येणार असं ठरलं. शनिवारी दुपारची मॅच. त्याच्या आधीच्या गुरुवारी प्रॅक्टिसमध्ये तो कडेच्या फळ्यांवर जोरात आदळला. त्याच गुरुवारी घरी तुझं पत्र आलेलं होतं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आलाय, डावं अंग गेलंय. पत्र पोचेपर्यंत दोन आठवडे उलटले होते. शेवटी तू लिहिलं होतंस, "ताई, येऊन जा."

शुक्रवारी सकाळी डेल खांदा दाखवायला आला. खांद्याला फारसं काही नव्हतं. पण तो टेबलाची कड सोडत नव्हता. ट्यूबलाइटकडे बघताना डोळे बारीक करत होता. मॅच किती वाजता, हे त्याने मला दोनदा विचारलं.

"डोकं दुखतंय?"

"थोडंसं."

मी दोन बोटं धरली. त्याने दोनच सांगितली, पण सांगायला वेळ लागला.

"डॉक्टरांना दाखवू या," मी म्हटलं.

त्याने माझं मनगट धरलं. "मिसेस डी, प्लीज. तुम्ही लिहिलंत तर ते मला बसवतील. उद्या नाही खेळलो तर मला घरी पाठवतील. मी घरी नाही जाऊ शकत. सगळ्या गावाला सांगून आलोय."

तेव्हा डोक्याला मार लागला की खेळाडूला थंड पाणी देऊन परत सोडायचे. आजच्यासारखे नियम नव्हते. ही सबब मी स्वतःला बरीच वर्षं दिली. पण मी शिकलेली होते. त्याच्या डोळ्यांत काय दिसतंय ते मला कळत होतं. माझ्या पर्समध्ये तुझं पत्र होतं आणि त्याचं काय उत्तर द्यायचं ते मी रात्रीच ठरवलं होतं, की रजा मिळत नाही. नवरा हार्डवेअरच्या दुकानात खिळे मोजतो हे मनात ठेवून बाबांच्या खाटेशी बसणं मला जमणार नव्हतं. तेव्हा घरी जाऊ शकत नाही म्हणणाऱ्या त्या मुलाला माझ्याइतकं त्या गावात कोण समजून घेणार होतं?

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'खांदा बरा. खेळू शकतो.'

तो म्हणाला, "थँक यू, मॅम." अगदी मनापासून म्हणाला.

शनिवारी दुसऱ्या डावात त्याला एक धक्का लागला. मोठा नव्हे. पंचाने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. डेल पडला, उठला आणि बेंचकडे निघाला, पण समोरच्या टीमच्या बेंचकडे. लोक हसले. मी उभी राहिले. मधल्या रेषेवर तो थांबला आणि लहान मूल बसतं तसा बर्फावर बसला.

डोक्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळे, आणि बोलणं अडखळत, एकेक शब्द शोधत. ड्वेन मला म्हणाला, "हॉकी आहे, मिसेस डी. होतं असं." माझा कागद कुणी पुन्हा काढून वाचला नाही. तो कुठल्यातरी फाइलमध्ये गेला. आणि हॉस्पिटलने डेलला कुणाकडे सोपवावं? माझ्याकडे.

सात आठवडे मी त्याचा हात हातात घेऊन बोटं उघडत होते. आणि घरी येऊन एअरोग्रामवर बाबांसाठी व्यायामाची चित्रं काढत होते. खांद्याखाली उशी अशी, मनगट असं, रोज दहा वेळा. तुझं उत्तर अजून माझ्याकडे आहे. "ताई, तुझं चित्र भिंतीला लावलंय. बाबा बघतात, पण हात उचलत नाहीत. सुशी येईल तेव्हा करीन म्हणतात."

अरुण, रजा मिळत होती. आमच्या डिपार्टमेंटच्या हेडने स्वतः मला बोलावून सांगितलं होतं, तुम्ही जाऊन या. मी नाही म्हटलं.

मार्चमध्ये तुझा फोन आला, बाबा गेले. त्याच आठवड्यात डेल आधाराचे बार न धरता चार पावलं चालला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

कॅम्पचं काम मी सोडलं. कारण विचारलं तेव्हा घरच्या अडचणी सांगितल्या. पुढच्या उन्हाळ्यात प्रभाकरला न सांगता, एक कॉन्फरन्स आहे म्हणून, मी डेलच्या गावाला ड्राइव्ह करत गेले. पूर्ण दिवस लागला. मी एका मोटेलात उतरले आणि सकाळी त्याच्या घरी पोचले. त्याची आई रूथ पोर्चवर कपडे वाळत घालत होती. रुंद खांद्यांची, फार न बोलणारी बाई. तिने मला ओळखलं. हॉस्पिटलमध्ये ती माझे दोन्ही हात धरून आभार मानायची.

स्वयंपाकघरात तिने कॉफी दिली. मी सगळं सांगितलं. तो काय म्हणाला, मला काय दिसत होतं, मी काय लिहिलं.

रूथ म्हणाली, "घरी येऊ शकत नाही असं म्हणाला?"

"हो."

"इथे?" तिने आजूबाजूला बघितलं. "त्याची खोली आम्ही बदललीही नव्हती. त्याचा बाप रोज म्हणायचा, पोरगं कंटाळून परत आलं तर बरं होईल. तो हरून आला असता तर आम्ही आनंदाने जेवलो असतो." मग म्हणाली, "तुम्ही एक फोन करून आम्हाला विचारायचं होतं."

मागच्या खोलीतून डेल काठी टेकत आला होता. दारात उभा राहून, शब्द जुळवत म्हणाला, "मॉम... मी... सांगितलं तिला."

"तू वीस वर्षांचा होतास," रूथ म्हणाली. "ती मोठी होती."

मला गाडीपर्यंत सोडायला ती आली. दार लावताना म्हणाली, "खरं सांगितलंत ते बरं केलंत. आता पुन्हा येऊ नका." मी गेले नाही. नाताळचं कार्ड एकदा पाठवलं, ते न उघडता परत आलं.

अमरावतीला मी आले ती शहाऐंशीला. प्रभाकरला कोलंबसमध्ये पुन्हा इंजिनियरचा जॉब लागल्यावर, डब्लिनला परत घर घेतल्यावर. म्हणजे सगळं दाखवण्यासारखं झाल्यावर. तू मला स्टेशनवर घ्यायला आलास, शेजारच्या मावशी ओवाळायला आल्या, सगळे म्हणाले, सुशीने नाव काढलं. बाबांच्या खाटेच्या जागी कपाट होतं. भिंतीवर चित्राचे चिकटपट्टीचे चार डाग होते. तू म्हणालास, "रजाच मिळत नव्हती ना, ताई, तू तरी काय करणार?" मी मान हलवली. त्या मान हलवण्यासाठी मी आज हे लिहिते आहे.

रूथसारखं बाबांनीही म्हटलं असतं का? मला माहीत नाही. तू म्हणशील, म्हटलं असतं. कदाचित नसतंही म्हटलं, ते कडक होते. पण मी त्यांना ते म्हणायची संधीच दिली नाही. एका वाक्यावरून त्यांचा निकाल लावला, आणि तो लावणारी मी, जिच्या नजरेवर लोक विश्वास ठेवायचे.

लोक विचारतात, काकू, इतकी वर्षं झाली, आता घर कुठलं वाटतं, इकडचं की तिकडचं? महाराष्ट्र मंडळात नव्या आलेल्या मुलींना हा प्रश्न फार आवडतो. मी हसून वेळ मारून नेते. तिकडचं घर मी माझ्या हाताने बंद केलं. इकडच्या घराबद्दल एकच प्रसंग सांगते.

आमची केतकी दूर दक्षिणेकडे, कॅरी नावाच्या गावात एका औषधांच्या कंपनीत होती. मागच्या वर्षी एका गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात केतकी. न कळवता, एकटी, दिवसभर ड्राइव्ह करून आलेली. ड्राइव्हवेत गाडी, आणि मागच्या सीटवर छतापर्यंत कोंबलेलं सामान. डोळे सुजलेले.

"आई, आय क्विट," ती म्हणाली.

रूथचं स्वयंपाकघर मला आजही टेबलक्लॉथसकट आठवतं. तिचा शब्द न् शब्द पाठ आहे. सगळं कळून चुकलेली बाई मी. आणि मी दाराच्या मुठीवर हात तसाच ठेवून मुलीला विचारलं, "का? काय झालं? आता पुढे काय?"

ती म्हणाली, "कॅन आय जस्ट कम इन?"

मी बाजूला झाले. ती आत आली, तीन दिवस राहिली, आणि रविवारी एका मैत्रिणीकडे जर्सी सिटीला निघून गेली. तिथेच आता तिचा नवा जॉब आहे. फोनवर नीट बोलते. राहायला मात्र त्यानंतर आलेली नाही.