मीनलने वाटून दिलेली कामं

मीनल गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाघोलीच्या सिग्नलला रिक्षात होते. तिच्या नवऱ्याने, सुहासने, कसंबसं एक वाक्य सांगितलं. मी "बरं" म्हणाले... बरं! त्या शब्दाची आजही लाज वाटते.

आम्ही दोघी अकरा वर्षं एकाच कंपनीत. रक्ततपासणीच्या यंत्रांतून निघालेल्या फायली वाचून डॉक्टरांना दिसतील अशा मांडायच्या, हे आमचं सॉफ्टवेअर. सुरुवातीला मी त्यासाठी एकच भलामोठा क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचा एक घटक, लिहिला होता. तोच फाइल उघडायचा, तोच ओळींचा अर्थ लावायचा, आकडे तपासायचा आणि साठवूनही ठेवायचा. मला त्याचा कोण अभिमान! मीनलने तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "छान. लग्न हाच लावतोय, पंगत हाच वाढतोय, सनईही हाच फुंकतोय. याला ताप आला की वऱ्हाड उपाशी परत पाठवायचं का?"

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग दोघींनी बसून त्याचे चार क्लास केले. एकाला एकच काम, आणि त्याला हात लावायला कारणही एकच. ऑफिसात ही शिस्त तिने कधी मोडू दिली नाही. घरी मात्र सासूबाईंच्या गोळ्या, लेकीची फी, गॅसचा नंबर, सगळं तिच्या एकटीच्या डोक्यात. मी टोकलं की म्हणायची, "घरी कोण ऐकतंय गं माझं?" आता सुहास रोज फोन करून काहीतरी विचारतो. मला त्यातलं काहीच माहीत नसतं.

गेल्या सोमवारी एका लॅबमध्ये नवं यंत्र आलं आणि फाइलमधले रकाने बदलले. ओळींचा अर्थ लावणारा तेवढा क्लास मी उघडला. अर्ध्या तासात दुरुस्ती झाली. बाकीचे तीन उघडावेही लागले नाहीत. साहेब म्हणाले, "अरे वा, मीनल नसूनही काही अडलं नाही!"

मला अडायला हवं होतं. दोन दिवस तरी सगळं ठप्प व्हायला हवं होतं, चार जणांनी कपाळाला हात लावून तिचं नाव काढायला हवं होतं. पण आपल्यावाचून इथे कुणाचं अडू नये, याचीच तर ती अकरा वर्षं काळजी घेत आली. तो क्लास समोर उघडा ठेवून मी बसून राहिले. तीन आठवडे बधिर झालेल्या मला पहिल्यांदा जे काही वाटलं, तो तिच्यावरचा राग होता.