रात्र नसलेला जून

आत्या एकतीस वर्षं इस्पितळाच्या टेलिफोनवर बसली. घरचा फोनसुद्धा ती "नमस्कार, कोण हवंय?" असाच उचलायची, म्हणून भाची तिला चिडवताना ‘कोणहवंय आत्या’ म्हणायची.

आत्याला जन्मापासून रातांधळेपणा. दिवसा एका झटक्यात सुईत दोरा ओवेल, पण दिवेलागण झाली की दारापुढची पायरी दिसायची नाही. "हे वाढणार नाही आणि बरंही होणार नाही," असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. त्यामुळे घरच्यांनी सिनेमा पाहायचा तो दुपारचाच, आणि लग्नाला गेलं तर उजेडातच परतायचं. भावाने किंवा वहिनीने कधी तोंड वाकडं केलं नाही. तरी आपल्यापायी सगळ्यांचा बेत मोडतो, ही टोचणी आत्याला होतीच.

नोकरी टिकली ती शेजारच्या खुर्चीवरच्या बाईमुळे. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "तुझ्या रात्रपाळ्या मला दे. नवऱ्याच्या घोरण्यापेक्षा फोनची घंटा परवडली." तिने त्या स्वतः निवृत्त होईपर्यंत, सव्वीस वर्षं केल्या; पुढे रात्रपाळीच बंद झाली. सगळं इस्पितळ तिला रातराणी म्हणायचं.

आत्या निवृत्त झाली त्या वर्षी भाचीने घोषणा केली, "आपण सगळे नॉर्वेला जायचं." डोंगराच्या कुशीत मैलोन्‌मैल घुसलेला समुद्र, म्हणजे फियॉर्ड, बोटीतून बघायचा. मग पार उत्तरेच्या टोकाला एका छोट्या गावात राहायचं आणि आकाशात हिरवे उजेड नाचतात ते बघायचे. त्यासाठी डिसेंबर ठरला. सूर्य उगवतच नाही असे दिवस. उत्साहाच्या भरात आत्याच्या डोळ्यांची आठवण कुणालाच राहिली नाही.

आत्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही. उलट सगळी तयारी अंगावर घेतली. बोटींच्या वेळा वहीत उतरवल्या, परदेशातल्या हॉटेलांना फोन लावून मोडक्यातोडक्या इंग्रजीत खोल्या विचारल्या, चौघांच्या लोकरी मोज्यांची मापं घेतली. आपण खोलीतच बसायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

एका दुपारी रातराणी घरी आली. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला होता, भाची लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. रातराणीने वही चाळली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"डिसेंबर? अगं, तिथे तेव्हा दिवसच नसतो. तू काय बघणार, डोंबल?"

आत्याने तिला डोळ्यांनी दटावलं, पण व्हायचा तो उशीर झाला होता. भाचीचा हात थांबला.

"आत्या, मला का नाही बोललीस?"

"काय बोलायचं? तुम्ही बघून या आणि मला सांगा. मजा येईल मला ऐकायला."

"आणि आम्ही तुला खोलीत ठेवून आकाश बघत बसायचं? बरं दिसेल ते!" भाचीने लॅपटॉप मिटला. आतून वहिनी हात पुसत आली. भावाने नकाशा स्वतःकडे ओढला आणि जाड भिंगातून त्याच्या कडेचा बारीक मजकूर वाचला. मग म्हणाला, "जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही म्हणे. दोन महिने रात्रच नाही."

"पण ते हिरवे उजेड?" आत्याने विचारलं.

"उजेड बघायचाच आहे ना? मग चांगला भरपूर बघू," वहिनी म्हणाली, आणि तिथल्या तिथे डिसेंबर निकालात निघाला.

आत्याने एकच अट घातली. रातराणी येणार असेल तरच ती येणार. रातराणी आढेवेढे घ्यायला लागली, तेव्हा आत्याने आपला जुना ऑफिसचा आवाज लावला, "नमस्कार, तुमचं तिकीट लागलेलं आहे." दुसऱ्याच दिवशी रातराणी पासपोर्टचा फोटो काढायला गेली.

फियॉर्ड सगळ्यांनी बोटीच्या कठड्याला टेकून डोळे भरून बघितला. पण आत्याला जन्मभर पुरेल असं जे मिळालं, ते उत्तरेच्या त्या गावात. पहिल्या रात्री साडेअकराला सगळे पडदे ओढून झोपले होते. आत्याने बूट घातले, दार उघडलं आणि एकटी बाहेर पडली. रस्त्यावर लख्ख पिवळं ऊन होतं. कडेचा दगड न् दगड दिसत होता. एक माणूस शिडीवर चढून घर रंगवत होता, त्याने हात केला, तिनेही केला. बासष्ट वर्षांत कुणाचा हात न धरता रात्री चाललेला तो तिचा पहिला रस्ता. बंदरापर्यंत जाऊन ती परत आली आणि उंबऱ्यावर बसून पोटभर रडली.

दुसऱ्या रात्री तिने रातराणीला उठवून सोबत नेलं. दोघी बंदरावरच्या बाकावर बसल्या.

"सव्वीस वर्षं तू माझ्या रात्री केल्यास," आत्या म्हणाली. "मी तुझे कधी धड आभारही मानले नाहीत."

रातराणीने शाल सारखी केली. "आता तरी कशाला मानतेस? तो बघ, लाल बोट आली. मासे उतरवतायत. चल, जवळून बघू."

आत्या उठली आणि पुढे चालू लागली.